आपला संघ कोणता? : माळव्यातील एका जुन्या वादाची हकीकत

कायद्याच्या ग्रंथांत मालकीच्या व्याख्येने पानेच्या पाने व्यापलेली असतात. परंतु ज्या एका शब्दाने माणसे उठता-बसता मालकी सांगतात, तो ‘आपला’ हा शब्द मात्र कोणत्याही अधिनियमात सापडावयाचा नाही. क्रीडांगणाच्या कडेला हा शब्द जितक्या वेळा उच्चारला जातो तितका तो न्यायालयातही कानी पडत नाही. ज्या संघात आपला कवडीचा वाटा नाही, ज्याच्या खेळाडूंशी आपली तोंडओळखही नाही, तो संघ ‘आपला’ कसा? आणि तो हरला म्हणजे आपल्या घरी जेवणाची वेळ का टळावी? हा प्रश्न वरवर पोरकट वाटतो. परंतु धार आणि देवास या दोन गावांच्या मराठी मंडळींकडून त्याचे उत्तर मागू गेल्यास शंभर वर्षांचा इतिहास उलगडावा लागतो, आणि त्या इतिहासात आम्हां सर्वांना थोडे अडचणीत टाकणारेही काही आहे.

आमच्या वाचकांस धार ठाऊक असते ती भोजराजामुळे, आणि देवास ठाऊक असते ते बहुधा कुमार गंधर्वांमुळे, ज्यांनी १९४८ साली तेथे वास्तव्यास जाऊन त्या लहानशा गावाला देशाच्या नकाशावर आणून बसविले. इंदुरास मध्ये ठेवून पश्चिमेस साठेक किलोमीटरवर धार आणि ईशान्येस पस्तीस-चाळीस किलोमीटरवर देवास, अशी ही रचना आहे. दोन्हीकडे राज्य पवारांचे. पवार आणि होळकर हे दोघेही पेशव्यांच्या फौजेबरोबर माळव्यात उतरले. नोव्हेंबर १७२८ मध्ये अमझेऱ्यास चिमाजी अप्पांनी मोगल सुभेदार गिरिधर बहादुराचा पाडाव केला, त्या रणात उदाजी पवार आणि मल्हारराव होळकर एकाच बाजूस होते. हे अमझेरे आजच्या धार जिल्ह्यातच आहे. पुढे दैव फिरले. १७३१ मध्ये डभईच्या लढाईत उदाजी दाभाड्यांच्या बाजूस राहिले आणि बाजीरावांच्या मर्जीतून उतरले. धारचे संस्थान त्यांचे बंधू आनंदराव यांच्या घराण्यात स्थिरावले. मल्हाररावांचा उत्कर्ष मात्र थांबला नाही. माळव्यात आधी आला कोण, असे विचारल्यास धारकर ताठ मानेने पवारांचे नाव घेतो. मोठा झाला कोण, असे विचारल्यास तो विषय बदलतो. शिवाय होळकरांच्या नावाला अहिल्याबाईंच्या पुण्याईचे वलय. काशीपासून रामेश्वरापर्यंत देवालये उभारणाऱ्या घराण्याशी स्पर्धा करावयाची ती कोणत्या तोंडाने?

देवासची कथा याहून विलक्षण. तुकोजीराव आणि जिवाजीराव या दोघा भावांनी मिळविलेला मुलूख पुढे थोरली पाती आणि धाकटी पाती असा विभागला गेला, आणि राजधानी मात्र दोघांची एकच राहिली. एका गावात दोन राजे, दोन दरबार, दोन वाडे. टेकडीवरच्या देवीसुद्धा दोन : थोरली माता तुळजाभवानी आणि धाकटी चामुंडा. १८१८ साली इंग्रजांशी तह झाला तेव्हा दोन्ही राजांनी मिळून एकच कारभारी ठेवावा, असे कलम त्यात घालावे लागले. वकिलाच्या दृष्टीने हे कलम मोठे रसाळ आहे; कारण जे आपोआप घडत असते त्यासाठी कोणी कलम लिहीत नाही. थोरल्या पातीचे महाराज तिसरे तुकोजीराव यांच्याकडे १९२१ साली खाजगी चिटणीस म्हणून राहिलेले इंग्रज कादंबरीकार फॉर्स्टर यांनी पुढे १९५३ साली या दिवसांच्या आठवणींचे पुस्तक प्रसिद्ध केले, तेव्हा जगाला देवासच्या या दुहेरी संसाराची ओळख झाली. देवासच्या माणसाला ती जन्मतःच होती. रस्त्याच्या या अंगाला आपला राजा एक, त्या अंगाला दुसरा, हे त्याच्या हाडीमांसी भिनलेले होते.

अशा या मुलखात क्रिकेट आले.

१९३४ साली रणजी करंडकाचे सामने सुरू झाले तेव्हा माळव्याच्या वाट्याला जो संघ आला त्याचे नाव होते ‘सेंट्रल इंडिया’, अर्थात मध्य हिंदुस्थान. हे नाव रेसिडेन्सीच्या दप्तरातून आलेले. त्यात धार मावत होती, देवासच्या दोन्ही पात्या मावत होत्या, आणि कोणाच्याच मनाला काही लागत नव्हते, कारण असल्या नावावर कोणाचे प्रेम जडावयाचा संभव नसतो. १९४१-४२ च्या हंगामापासून संघाचे नाव झाले ‘होळकर’. खेळाडू पुष्कळसे तेच, मैदान इंदूरच्या यशवंत क्लबचे, पैसा होळकर दरबारचा, आणि नावही त्यांचेच. पवारांच्या प्रजेने आता काय करावे? कायद्याने पाहता धारचा वा देवासचा मनुष्य होळकर संस्थानात परका होता. त्याचा राजा निराळा, न्यायालय निराळे, कर निराळा. तरीही पुढील चौदा वर्षांत हा मनुष्य होळकर संघाचा झाला, आणि इतका झाला की आजही त्या घरांतील म्हातारी माणसे ‘आपले होळकर’ असे म्हणतात. हे कसे घडले, याचा छडा लावल्यावाचून आम्हांस चैन पडेना.

याचे एक कारण माणसे. कर्नल सी. के. नायडू हे नागपुरास जन्मलेले तेलुगू घराण्यातील गृहस्थ. १९२३ साली तिसऱ्या तुकोजीराव होळकरांनी त्यांना इंदुरास बोलावून आपल्या सैन्यात हुद्दा दिला, आणि मृत्यूपर्यंत, म्हणजे १९६७ पर्यंत, ते इंदूरचेच राहिले. १९२६ साली मुंबई जिमखान्यावर त्यांनी एम. सी. सी. संघाविरुद्ध हिंदूंकडून १५३ धावा काढल्या, त्यांत अकरा षट्कार होते. १९३२ साली लॉर्ड्सवर हिंदुस्थानचा पहिला कसोटी सामना झाला तेव्हा कर्णधार तेच होते. मुश्ताक अली हे अस्सल इंदूरचे. लहानपणीच नायडूंनी त्यांना हेरले आणि घडविले. १९३६ साली मँचेस्टरला त्यांनी ११२ धावा काढल्या. परदेशातील कसोटीत शतक काढणारे ते पहिले भारतीय. चंदू सरवटे सागरचे. व्यवसायाने हे बोटांच्या ठशांचे तज्ज्ञ, म्हणजे आमच्या न्यायालयांच्या उपयोगी पडणारे गृहस्थ. भाऊसाहेब निंबाळकर कोल्हापूरचे. आणि इंदूरचे माधवसिंह जगदाळे. या यादीवर नजर टाकली तर होळकर संघात होळकर घराण्याचे असे काही दिसतच नाही. जो तो कोठून तरी आलेला. माळव्यातील मराठी माणूसही दोनशे वर्षांपूर्वी असाच कोठून तरी आलेला. धारच्या वा देवासच्या मराठी घराला या संघात आपले प्रतिबिंब दिसले असेल, तर नवल नाही.

परंतु याच काळात ‘आपला’ या शब्दावर दुसराही एक हक्क सांगितला जात होता, आणि तो अधिक गर्जून. तो हक्क मुंबईहून येत असे. चौरंगी सामन्यांत हिंदू, मुसलमान, पारशी आणि युरोपियन असे चार संघ. १९३७ पासून ‘इतर’ म्हणून पाचवा संघ येऊन पंचरंगी. हे सामने म्हणजे मुंबईचा उत्सवच होता, आणि नभोवाणीवर तल्यारखान यांचे धावते वर्णन सुरू झाल्यापासून तो घरोघर पोहोचला. येथे ‘आपला’ संघ निवडावा लागत नसे. जन्माबरोबरच तो मिळत असे. वादाला जागा होती ती फक्त अमुक खेळाडू घ्यावा की नाही, आणि यंदा मुसलमानांची गोलंदाजी झेपेल की नाही, एवढीच. १९३७ साली ब्रेबोर्न स्टेडियम नवे झाले, तेव्हा हिंदू जिमखान्याला बसण्याच्या जागा कमी मिळाल्या म्हणून हिंदूंचा संघ त्या वर्षी खेळलाच नाही. धर्माच्या नावे उभा केलेला संघ खुर्च्यांच्या संख्येवरून घरी बसला, यावर काय बोलावे!

आणि तो संघ तरी सर्व हिंदूंचा होता काय? येथे आम्हांस पाळवणकर बंधूंचे स्मरण केल्यावाचून पुढे जाता येत नाही. धारवाडास जन्मलेला बाळू पाळवणकर हा जातीने चर्मकार. पुण्यास गोऱ्यांच्या जिमखान्यात खेळपट्टीची देखभाल करता करता तो गोलंदाजी शिकला, आणि त्याच्या डावखुऱ्या फिरकीवाचून युरोपियनांना हरविता येत नाही हे ध्यानी आल्यावर हिंदूंनी त्याला आपल्यात घेतले. घेतले म्हणजे मैदानावर घेतले. चहाच्या वेळी तो तंबूबाहेर उभा राही आणि त्याला मातीच्या मडक्यातून चहा मिळे. १९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली पहिला हिंदी संघ इंग्लंडला गेला, त्या दौऱ्यात बाळूने ११४ बळी घेतले. परत आल्यावर तो सर्वांचा लाडका झाला. कर्णधारपद मात्र त्याच्याजवळ आले नाही. १९२० साली त्याला डावलले गेले, तेव्हा विठ्ठल आणि शिवराम या त्याच्या भावांनी जाहीर निवेदन करून संघातून अंग काढून घेतले. मग तडजोड झाली. बाळूला उपकर्णधार नेमण्यात आले, आणि कर्णधार पै यांनी मध्येच मैदान सोडून सूत्रे त्याच्या हाती जाऊ दिली. पै हे आडनाव आमच्या वाचकांच्या परिचयाचे आहे. त्यांच्या या कृतीत सौजन्य होते हे आम्ही मान्य करतो. परंतु जे उघडपणे द्यावयाचे ते पाठ फिरवून द्यावे लागले, हेही नमूद करतो. १९२३ साली अखेर विठ्ठल कर्णधार झाला, आणि त्याच्या नेतृत्वाखाली हिंदूंनी अंतिम सामन्यात युरोपियनांना हरविले. ज्या वर्षी होळकरांनी नायडूंना इंदुरास नेले, तेच हे वर्ष.

पुढे १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसने बाळूला मुंबईत डॉ. आंबेडकरांविरुद्ध उभे केले आणि तो पराभूत झाला. डॉ. आंबेडकरांचा जन्म १८९१ साली महूच्या छावणीत झालेला. म्हणजे इंदुरापासून तासाभराच्या वाटेवर. ‘आपला’ शब्दाची किंमत ज्या दोघांना आम्हां सर्वांहून अधिक ठाऊक होती, ते दोघे एकमेकांसमोर उभे राहावेत, हा योगायोग इतिहासानेच घडवून आणला.

डिसेंबर १९४० मध्ये हिंदू जिमखान्याचे प्रतिनिधी वर्ध्यास गांधीजींना भेटले. कारागृहात पुढारी आणि मैदानावर उत्सव, हे बरे दिसते काय, असा तेव्हाचा प्रश्न होता. गांधीजी त्याहून पुढे गेले. महाविद्यालये किंवा संस्था यांच्यामधील सामने आपणांस समजू शकतात, परंतु हिंदू, पारशी, मुसलमान असे संघ कशासाठी हे आपणांस कधीच उमगले नाही, अशा आशयाचे त्यांनी सांगितले, आणि मुंबईकरांनी हे सामने बंद करावेत असे सुचविले. यातील महाविद्यालयांचा उल्लेख आम्हांस महत्त्वाचा वाटतो. महाविद्यालय हे मनुष्य निवडतो. निदान निवडल्यासारखे करतो. धार-देवासचा मुलगा मॅट्रिक होऊन इंदूरच्या होळकर कॉलेजात वा ख्रिश्चन कॉलेजात गेला म्हणजे चार वर्षांत तो तेथला होऊन जाई. (त्या काळी ही महाविद्यालये आग्रा विद्यापीठास जोडलेली असल्यामुळे पदवीपत्रावर मात्र आग्र्याचे नाव येई, ज्या गावी पाऊल टाकले नाही तेही असे ‘आपले’ होते.) सामने लगेच काही बंद झाले नाहीत. गर्दी वाढतच गेली. १९४६ मध्ये मात्र ते कायमचे थांबले.

आता माळव्यातील चाहत्याची अडचण वाचकांनी ध्यानात घ्यावी. मुंबईच्या पंचरंगीत नायडू हिंदूंकडून खेळत आणि मुश्ताक मुसलमानांकडून. एकाचा विजय तो दुसऱ्याचा पराभव. तेथून महिना-दोन महिन्यांत रणजीचे सामने येत, आणि हेच दोघे होळकरांच्या एकाच डावात फलंदाजीस उतरत. ज्या मुश्ताकांचा त्रिफळा उडावा म्हणून कोणी नभोवाणीशेजारी बसून देव पाण्यात ठेवले असतील, त्यांच्याच शतकासाठी पुन्हा तेच देव पाण्यात ठेवावयाचे! नोव्हेंबर १९४४ मध्ये पंचरंगीचा अंतिम सामना मुसलमानांनी हिंदूंविरुद्ध अवघा एक गडी राखून जिंकला, के. सी. इब्राहिम १३७ धावा काढून अखेरपर्यंत नाबाद राहिले. हे इब्राहिम रणजीत मुंबईचे. म्हणजे मुंबईच्या चाहत्याचीही तीच अडचण. मुंबईकर कदाचित गर्दीत ती विसरत असेल. देवाससारख्या गावात, जेथे सर्व एकमेकांस ओळखतात, ती विसरता येण्यासारखी नव्हती.

त्यानंतर चारच महिन्यांनी, मार्च १९४५ मध्ये, त्याच ब्रेबोर्न मैदानावर मुंबई आणि होळकर यांचा रणजीचा अंतिम सामना झाला. असा सामना पुन्हा क्वचितच झाला असेल. मुंबईने ४६२ आणि ७६४ धावा केल्या, होळकरांनी ३६० आणि ४९२. चार डाव मिळून २०७८. सहा दिवस हे चालले होते. विजय मर्चंट यांनी २७८ धावा काढल्या. सी. के. नायडूंचे धाकटे बंधू सी. एस. यांनी या एका सामन्यात ९१७ चेंडू टाकले आणि त्यांवर ४२८ धावा दिल्या. हात दुखण्याची तक्रार त्यांनी केली की नाही, ते लिहून ठेवलेले नाही. चौथ्या डावात होळकरांना ८६७ धावा हव्या होत्या. शहाण्या माणसाने घरी जावे असा हा आकडा. मुश्ताकांनी पहिल्या डावात १०९ काढल्या होत्या, दुसऱ्यात १३९ काढल्या. त्यांच्या जोडीला होळकरांकडून खेळत होता डेनिस कॉम्प्टन. हा इंग्लंडचा विख्यात फलंदाज, आर्सेनलचा फुटबॉलपटू, युद्धामुळे महूच्या छावणीत येऊन पडलेला. तो २४९ वर नाबाद राहिला. होळकर ३७४ धावांनी हरले.

कॉम्प्टनसंबंधी एक गोष्ट त्या वेळेपासून सांगितली जाते, आणि तो स्वतःही ती सांगत असे. होळकरांच्या एका धनाढ्य चाहत्याने त्याला म्हणे शतकानंतरच्या दर धावेस शंभर रुपये देण्याचे कबूल केले. गडी नाबाद परत येऊन पाहतो तो शेठजी तातडीच्या कामानिमित्त कलकत्त्यास निघून गेलेले! करार तोंडी, मोबदला खेळावर अवलंबून. आमच्याकडे हा दावा आला असता तर आम्ही पक्षकारास घरी पाठविले असते. परंतु चाहत्याच्या मनोवृत्तीवर या गोष्टीने जो प्रकाश पडतो तो लाख मोलाचा आहे. ज्याने शंभर रुपये कबूल केले, त्या क्षणी त्याने ते मनापासूनच केले असणार.

त्या काळी वाद कशावर चालत? मर्चंट थोर की नायडू, यावर. हा वाद दोन माणसांचा दिसतो, पण तो वास्तविक दोन वृत्तींचा आहे. मुंबईची फलंदाजी म्हणजे सावकाराची वही. एकेक पै जमा, उधळपट्टी नाही, बाद होणे हे पाप. या वृत्तीला मुंबईकर आजही मोठ्या अभिमानाने ‘खडूस’ म्हणतात. नायडूंची वृत्ती सरदाराची. चेंडू उचलून मैदानाबाहेर टाकावा, आणि बाद झालो तर झालो. मुश्ताक तर यष्टी सोडून गोलंदाजाच्या अंगावर चालून जात. १९४५ साली कलकत्त्यास ऑस्ट्रेलियन सैनिकांच्या संघाविरुद्धच्या सामन्यातून त्यांना वगळले, तेव्हा बंगाली चाहत्यांनी ‘मुश्ताक नाही तर सामना नाही’ अशी घोषणा देत निवड समितीच्या दुलीपसिंहजींना घेराव घातला, आणि मुश्ताकांना संघात घ्यावे लागले. फाळणीला दोन वर्षेही उरली नव्हती, आणि कलकत्त्यातील गर्दी इंदूरच्या एका मुसलमान फलंदाजासाठी भांडत होती. पुढच्याच वर्षी त्या शहरात काय घडले, हे सांगण्याची आवश्यकता नाही.

होळकरांची खरी चढती कमान येथून सुरू होते. १९४५-४६ मध्ये म्हैसूरविरुद्ध त्यांनी आठ बाद ९१२ धावांवर डाव सोडला. भांडारकर, सरवटे, जगदाळे, नायडू, निंबाळकर आणि प्रतापसिंह अशा सहा जणांनी एकाच डावात शतके केली. त्याच हंगामात अंतिम सामन्यात बडोद्याविरुद्ध नायडूंनी पन्नाशी उलटल्यानंतर २०० धावा काढल्या, आणि ५६ धावांनी सामना जिंकून करंडक प्रथमच माळव्यात आला. पुढच्या वर्षी बडोद्याने सव्याज परतफेड केली : हजारे आणि गुल महंमद यांनी चौथ्या गड्यासाठी ५७७ धावांची भागी करून होळकरांना एक डाव आणि ४०९ धावांनी लोळविले. गायकवाड आणि होळकर यांचा हा झगडा रंगला तो असा, रक्ताचा थेंब न सांडता. पानिपतापूर्वी असे एखादे मैदान त्यांना मिळाले असते तर, असे मनात येऊन जाते. १९४७-४८ मध्ये इंदुरास मुंबईवर नऊ गडी राखून मात केली, तेव्हा मागची जखम भरून निघाली. १९४४-४५ पासूनच्या अकरा हंगामांत होळकर दहा वेळा अंतिम सामना खेळले आणि चार वेळा जिंकले. मुंबईने त्यांना तीनदा अंतिम फेरीत हरविले.

आणि या सर्व धामधुमीत २८ मे १९४८ रोजी होळकर संस्थानच संपले. ग्वाल्हेर, इंदूर, धार, देवासच्या दोन्ही पात्या आणि आसपासची लहान संस्थाने मिळून मध्यभारत संघराज्य झाले. देवासच्या गावाला पिढ्यान्‌पिढ्यांनंतर एकच सरकार मिळाले. पण रणजीच्या पत्रकावर ‘होळकर’ हे नाव तसेच चालू राहिले. ज्या राज्याचे अस्तित्व कायद्याने नष्ट झाले होते, त्याचा संघ १९५०-५१ मध्ये गुजरातला आणि १९५२-५३ मध्ये कलकत्त्यास बंगालला नमवून करंडक घेऊन आला. आमच्या मते याच सात वर्षांत धार-देवासच्या माणसाने तो संघ निःसंकोचपणे पोटाशी धरला. आता ‘होळकर’ म्हटल्याने पवारांच्या निष्ठेला बाध येण्याचे कारण उरले नव्हते. राजा गेला होता आणि नाव तेवढे मागे राहिले होते. ते ज्याला हवे त्याने घ्यावे. १९५४-५५ चा अंतिम सामना इंदुरास मद्रासविरुद्ध ४६ धावांनी गेला, आणि त्यानंतर संघ मध्यभारत या नावाने खेळू लागला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मध्यभारतही मध्य प्रदेशात विलीन झाला. १९५२-५३ च्या विजयानंतर एकोणसत्तर वर्षांच्या अंतराने करंडक पुन्हा या प्रदेशात आला.

तो आला २०२२ च्या जून महिन्यात, बंगळुरास, आणि समोर होती मुंबई. मुंबईने ३७४ केल्या, त्यांत सर्फराज खानच्या १३४. मध्य प्रदेशाकडून यश दुबे, शुभम शर्मा आणि इंदूरचा रजत पाटीदार या तिघांनी शतके करून डाव ५३६ वर नेला, आणि सहा गडी राखून सामना जिंकला. संघाचे प्रशिक्षक चंद्रकांत पंडित हे मुंबईचे. १९९९ साली याच मैदानावर मध्य प्रदेशाचे कर्णधार या नात्याने त्यांनी कर्नाटकाविरुद्धचा अंतिम सामना गमावला होता.

त्या विजयानंतर थोड्याच दिवसांनी एका कामानिमित्त आमचे देवासला जाणे झाले. सकाळी पोहे-जिलबीच्या एका दुकानासमोर पाच-सहा मंडळी तावातावाने बोलत उभी होती. बहुतेक मराठी, पण बोलणे अर्धे माळवीत. आम्ही कान दिला. वादाचा विषय पंडित कोणाचे, हा! एकाचे म्हणणे असे की मुंबईला मुंबईकरानेच हरविले, मग यात आपले काय? दुसरे गृहस्थ, वयाने ऐंशीच्या घरातले, शांतपणे म्हणाले, “मग नायडू तरी कुठले होते, भाऊ? आणि तुझा खापरपणजा रे?” त्यावर हशा झाला, पण पहिला माघार घेईना. त्याच्या घरी, त्यानेच सांगितले, आजोबा मरेपर्यंत मुंबईचे पक्षपाती होते, कारण मामा दादरला. आणि वडील होळकरांचे. एकाच घरात दोन पात्या. मग चर्चा पुढच्या हंगामाकडे वळली. पाटीदार उपलब्ध राहील काय, वेगवान गोलंदाज टिकतील काय, मुंबई सूड उगवील काय. एका तरुणाने छातीठोकपणे सांगितले की पुढच्या वर्षी करंडक येथून हलत नाही, समोर कोणीही येवो. म्हातारे गृहस्थ पोह्यांवर शेव पसरीत एवढेच म्हणाले, की बडोद्याचे ५७७ आठवा.

बडोदा आले नाही. मुंबईही आली नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये उपांत्य सामन्यात बंगालने, इंदूरच्या होळकर स्टेडियमवर येऊन, मध्य प्रदेशाला ३०६ धावांनी हरविले.